गुप्त मेटाडेटा फाइली

गुप्त मेटाडेटा फाइली : संगणकाच्या कार्यप्रणालीने वापरणाऱ्याच्या नकळत फोल्डरांमध्ये निर्माण केलेल्या, मूळ फाइलींविषयीची पूरक माहिती साठविणाऱ्या फाइली. २००१ मध्ये विक्रीस आलेल्या मॅक ओएस टेनपासून मॅक संगणकावरील ‘फाइंडर’ हा प्रोग्राम ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल निर्माण करतो. तीत आयकॉनांच्या जागा, मांडणीची पद्धत इ. नोंदी असतात. बिंदूने सुरू होणारी नावे युनिक्सच्या संकेतानुसार मॅकवर दिसत नाहीत. विंडोजमध्ये हा संकेत नसल्याने सामाईक क्लाउड फोल्डरातील ही अडगळ तेथील सहकाऱ्याच्याच नजरेस पडते. विंडोजची ‘डेस्कटॉप.आयएनआय’ ही त्याच जातीची फाइल होय.

काही क्लाउड सेवा अशा फाइली वगळतात. इतरत्र त्यांच्या परस्परविरोधी प्रतीही साठू शकतात. .डीएस_स्टोअर पुसल्याने मुख्यतः मांडणीच जाते व ती फाइल पुन्हा निर्माण होते; म्हणून सेवेत सोय असल्यास वगळण्याचा नियम करणे श्रेयस्कर. नेटवर्कवरील डिस्कवर ती न लिहिण्याची मॅकमधील सोय येथे निरुपयोगी ठरते, कारण समक्रमित फोल्डर बहुधा स्थानिक डिस्कवर असतो.

बिंदू व अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या ॲपलडबल फाइली मात्र बेधडक पुसू नयेत. मॅकची फाइलरचना नसलेल्या डिस्कवर मूळ फाइलीचा ‘रिसोर्स फोर्क’ हा भाग त्यांत ठेवला जातो. मॅकच्या जुन्या सूटकेस फाँटांची सर्व माहिती याच भागात असते. त्यांची जोडफाइल कचरा समजून पुसल्यास शून्य बाइटांची नाममात्र फाइल उरते. मॅकमधील ‘डॉट_क्लीन’ ही आज्ञा जोडफाइलीतील माहिती मूळ फाइलीत विलीन करते.