बंद्या रुपयाची पारख

काही वर्षांपूर्वी आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी युनियनच्या कचेरीत आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी आठ चांदीचे रुपये टेबलावर मांडले. काही राणीछाप, काही राजाछाप, सासूबाईंच्या वेळचे. त्यांतला एक लखलखीत होता. टेलिफोनवरून कोणी तरी सांगितले होते की, हा 'प्रूफ' रुपया आहे, पाच लाखांना जाईल. नोंदणीचे तीन हजार तेवढे आधी भरा. ते तीन हजार मदतनिधीतून उसने मागायला वहिनी आल्या होत्या.

आम्ही नाणेशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे कळले ते ग्रंथालयात आणि सराफांच्या पेढीवर बसून. पण प्रश्न तीन हजारांचा होता, तेव्हा काटा मागवला.

आधी हे 'प्रूफ' म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, जे नाणे नवेकोरे ते प्रूफ. तसे नाही. तो घडणीचा प्रकार आहे. टांकसाळीत ठसा आणि कोरी चकती दोन्ही घासून आरशासारखी करतात आणि सावकाश, जास्त दाबाने, बहुधा एकाहून अधिक वेळा ठोकतात. म्हणून पार्श्वभूमी आरशासारखी आणि कडा धारदार. अशी नाणी नमुन्यासाठी, भेटीसाठी किंवा संग्राहकांसाठी; बाजारात चालवण्यासाठी नव्हेत. त्यातही मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून देत असत. त्यामुळे खऱ्या प्रूफालाही विचारावे लागते, बाबा, तुझा जन्म नेमका कधीचा?

वहिनींचा रुपया चमकत होता खरा. पण राणीच्या केसांच्या बटा झिजून सपाट झालेल्या. आम्ही विचारले, "वहिनी, हा घासला कोणी?" तर म्हणाल्या, "थोरल्यानं. चिंच लावून." घासल्याने जुन्या नाण्याचे मोल उतरते, हे त्या पोराला कोणी सांगितलेच नव्हते.

आता चांदीची पारख. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा कलदार रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला. बारा भागांत अकरा भाग चांदी. पेलाभर पाणी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. रुपया दोऱ्याला बांधून, तळाला वा काठाला न लावता, पाण्यात बुडवावा. काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. झिजलेला रुपया हलका भरतो, म्हणून त्याच्या वजनाला या आकड्याने भागावे, उत्तर १०.३ च्या आसपास आले तर चांदीचा कस जमला. जर्मन सिल्व्हरचे उत्तर नऊच्याही खाली येते. त्याच्या नावातच काय ती चांदी!

पण पाणी चांदीची साक्ष देते, टांकसाळीची नाही. खरी चांदी ओतूनही खोटा रुपया करता येतो. म्हणून भिंगातून पाहावे. ओतीव नाण्याची अक्षरे झिजल्या साबणासारखी बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रे, कधी कडेला सांध्याची रेघ. साल तर नक्कीच पाहावे. जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा रुपया दुर्मिळ. म्हणून १९३८ मधल्या आठाचा नऊ करणारे कारागीर निघाले. अंकाभोवतीची जमीन उकरलेली दिसली की समजावे.

आवाजाचा भरवसा मात्र बेताने धरावा. वहिनींचा एक रुपया १९४४ चा होता. तो बद्द वाजतो म्हणून एका दुकानदाराने खोटा ठरवून बाजूला सारला होता. पाण्यात त्याचे उत्तर साडेनऊ आले. खोटे काय त्यात? लढाईच्या काळात, १९४० पासून, सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. रुपया अस्सल होता. कस उतरवला तो सरकारने, आणि बोल लागला नाण्याला.

उरलेले सातही जुन्या कसाचे निघाले. प्रूफ एकही नव्हता. आम्ही वहिनींना रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २०२१ चे निवेदन वाचून दाखवले: जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणाला दिलेलाही नाही. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. मग त्या दुकानदाराने बाजूला सारलेला रुपया सर्वांत आधी उचलून रुमालात ठेवला आणि म्हणाल्या, "तो फोन पुन्हा आला, तर तुमच्याशीच बोलायला सांगते."