जुन्या लेथची डागडुजी

१८०० च्या सुमारास इंग्लंडात हेन्री मॉडस्लेने पेच कापणारी भक्कम लेथ घडविली आणि धातू कापण्याचे हत्यार कारागिराच्या मुठीतून यंत्राच्या पकडीत गेले. आजची छोटी हौशी लेथही त्याच वंशातली.

अशी जुनी लेथ हाती आली की रंगाचा डबा उघडू नये; आधी बेड पाहावा. डहाणूच्या खाऱ्या वाऱ्यात उघडे बीड लवकर गंजते. गंज रॉकेलात भिजवून पुसावा. बेडवर कानस फिरवू नये, सरळपणा जातो. झीज चकाजवळ अधिक, कारण बहुतेक काम तेथेच होते. तेथला सैलपणा घालविण्यासाठी सॅडलच्या पट्ट्या आवळल्या, तर न झिजलेल्या टोकाला सॅडल अडकते. म्हणून आवळणी न झिजलेल्या भागावर बेतावी.

सुधारणांत पहिला मान पट्ट्यावरील झाकणाचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती केली, पण ती कारखान्यांपुरती. तलासरीच्या पडवीत एकट्याने लेथ चालविणाऱ्या तरुणाजवळ ना इन्स्पेक्टर, ना युनियन. मालक तोच, कामगारही तोच. तेव्हा झाकण, हाताशी बंद करण्याचे बटण, आवळ बाह्या, हातमोज्यांना मज्जाव, आणि चकची किल्ली काढल्यावाचून यंत्र सुरू न करण्याची शिस्त, हे त्याने स्वतःच स्वतःला लावून घ्यावे. यंत्राचा सुटा भाग बदलता येतो, बोट नाही.