सांगोल्याची वकिली

भाई गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले ते १९६२ साली, आणि २०१९ साली स्वतःहून थांबले. मधल्या काळात १९७२ आणि १९९५ एवढेच दोन पराभव वाट्याला आले. २०१४ साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते अकराव्यांदा आमदार झाले. त्यांच्यावर बोलणारे बहुतेक जण या अकराच्या आकड्यापाशीच थांबतात. मला वाटते, खरा विषय त्याच्या पुढे आहे: एका तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाने विधानसभेत इतकी वर्षे केले काय?

जन्म १९२६ चा. कायद्याची पदवी घेऊन ते वकिलीत शिरले आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) झाले. तो काळ कूळकायद्याचा. १ एप्रिल १९५७ ला कायद्याने कूळ जमिनीचे मालक झाले खरे, पण कायदा झाला म्हणून सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद, मामलेदाराकडची तारीख, मालकाने घातलेली हरकत, एवढ्यातून जाईपर्यंत कुळाचा जीव मेटाकुटीला यायचा. अशा पक्षकारांच्या मुलुखात वकिली करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. कायद्यातला एखादा शब्द सैल राहिला, तर त्याची किंमत रानातला माणूस मोजतो.

सभागृहातले गणपतराव याच मुशीतले. कामकाज सुरू होण्याच्या वेळेला हजर, संपेपर्यंत जागेवर. विधेयक कलमवार वाचायचे, तारांकित प्रश्नाच्या लेखी उत्तरातली फट हेरायची, उपप्रश्नात मंत्र्याला तारखेवर आणि रकमेवर आणून सोडायचे. आवाज न चढवता. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, कृष्णराव धुळूप अशी अभ्यासू माणसे शेकापने विधिमंडळाला दिली. त्या परंपरेतले सर्वांत दीर्घकाळ सभागृहात राहिलेले आबासाहेबच, म्हणजे गणपतराव. विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळले.

सत्तेत ते दोनदाच आले. १९७८ साली पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. २००२ साली रायगडातल्या राजकारणावरून शेकापने पाठिंबा काढला, तेव्हा मंत्रिपदही गेले. मंत्री म्हणून त्यांची कारकीर्द छोटी. आमदार म्हणून केलेले काम फार मोठे, आणि माझ्या मते तेच टिकणारे.

सांगोला म्हणजे पर्जन्यछायेतला माणदेश. शेजारी पंढरपूरला भीमा, इथे बहुतेक वर्ष कोरडी पडलेली माण नदी. इथल्या आमदाराला पाण्याशिवाय दुसरा विषय असूच शकत नव्हता. १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. गणपतराव तिचे खंदे आधार. कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी पट्ट्यात आणणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ योजनांसाठी परिषदेत ठराव व्हायचा, आणि तोच विषय घेऊन आबासाहेब सभागृहात उभे राहायचे. अर्थसंकल्पात तरतूद किती, खर्च किती, काम कोणत्या टप्प्यावर अडले. वर्षानुवर्षे हेच प्रश्न. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल असे हे काम आहे, आणि कंटाळा न करता ते करणारे लोकप्रतिनिधी फार थोडे असतात.

पाणी यायला उशीर झाला. माणूस मात्र थांबला नाही. १९९० च्या सुमाराला राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात खड्डे काढून, रोपे लावून मजुरी मिळू लागली. सांगोल्याने ही संधी दोन्ही हातांनी उचलली. बरड, मुरमाड माळावर डाळिंब उभे राहिले. झाडाच्या बुडाशी ठिबकची नळी, बहार धरायचा म्हणून पाणी तोडून ताणावर सोडलेली बाग, आणि काढणीला क्रेटमध्ये रचलेले लालभडक ‘भगवा’ वाणाचे डाळिंब, हे सांगोल्याचे आजचे रूप. पुढे तेल्या रोगाने अनेक बागा मोडल्या, हेही खरे. या सगळ्याचे श्रेय एकट्या आमदाराला देणे चूक ठरेल. शेतकऱ्यांची हिंमत मोठी. सांगोल्याच्या सूतगिरणीची उभारणी मात्र त्यांच्या नेतृत्वाखालीच झाली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात कमी पाण्याच्या तालुक्याने कापसाच्या धाग्यावर रोजगार शोधला.

राहणी साधी. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असते. बहुतेक गाड्यांत त्यावर दुसराच कोणी बसलेला असतो, कारण आमदार एसटीने जातच नाहीत. गणपतराव जात. निवडणुकीला लोक वर्गणी काढत. १९९५ साली शहाजीबापू पाटलांकडून अगदी थोडक्या मतांनी हरले, आणि १९९९ ला पुन्हा निवडून आले.

एक उणीव नोंदवायलाच हवी. सांगोला राखता राखता शेकाप राज्यभर आकसत गेला. पक्षाला नव्या पिढीचा, सांगोल्याबाहेरचा चेहरा त्यांच्या हयातीत मिळाला नाही. त्यांच्यासारख्या ज्येष्ठाकडे त्याची जबाबदारी काही अंशी जातेच.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात ते गेले. २०२४ साली सांगोल्याने त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांना विधानसभेत पाठवले. आबासाहेबांची भाषणे आणि प्रश्न विधानसभेच्या कार्यवाहीच्या खंडांत विखुरलेले आहेत. पाणी, रोजगार हमी, शेतजमीन अशी विषयवार निवड करून ती विधिमंडळाने छापावीत, आणि वकिली सोडून राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी प्रचाराचा नारळ फोडण्याआधी ती वाचावीत.