दुकानाचा नंबर कुणाच्या खिशात?

मृगाचा पाऊस होऊन रानात वाफसा आला की तीर्थपुरीतल्या कृषी सेवा केंद्रांचे फोन दिवसभर वाजत राहतात. अमक्या वाणाची कापसाची पिशवी आली का? सोयाबीनची बॅग कितीला पडेल? पेरल्यावर तणनाशक कधी मारायचं? विचारणारा बांधावर उभा असतो, ट्रॅक्टरवाला खोळंबलेला असतो. दुकानाचा नंबर मात्र एकच, आणि तो मालकाच्या शर्टाच्या खिशात. मालक काउंटरवर असला तर फोन उचलला जातो. तो माल आणायला जालन्याला निघाला असेल, गाडीवर असेल, कुणाच्या मातीला गेला असेल, तर रिंग वाजून वाजून बंद होते. शेतकरी पुढचा नंबर लावतो, अंबडचा नाही तर घनसावंगीचा. ते गिऱ्हाईक त्या दिवसापुरतं गेलं, आणि पुष्कळदा हंगामापुरतंच गेलं.

घनसावंगी तालुक्यातलं तीर्थपुरी आता नगरपंचायतीचं गाव आहे. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, रानात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे ऊस आणि मोसंबी हा इथल्या व्यवहाराचा कणा. ऊसतोडीच्या हंगामात मुकादम, चिटबॉय, ट्रॅक्टरमालक आणि शेतकरी एकमेकांना दिवसाला किती फोन करतात, हे या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. मोसंबीचा सौदा फोनवर ठरतो, हार्वेस्टर फोनवर बोलावला जातो. एवढा व्यवहार ज्याच्यावर उभा आहे तो नंबर एका माणसाच्या एका सिमकार्डाला बांधलेला असावा, ही गोष्ट मला फार जोखमीची वाटते. इंटरनेटवर चालणाऱ्या व्यावसायिक फोनव्यवस्थेकडे मी याच बाजूनं पाहतो. ती नंबराला माणसापासून आणि यंत्रापासून सोडवते. बाकीचे फायदे त्यातूनच निघतात.

हे नीट समजायला थोडं मागं जावं लागतं. जुना फोन म्हणजे एक्स्चेंजपासून दुकानापर्यंत आलेली तांब्याची एक जोडतार. तुम्ही बोलत असेपर्यंत तुमच्यासाठी एक वाट राखून ठेवलेली असे. तुम्ही गप्प बसलात तरी ती दुसऱ्या कुणाला मिळत नसे. नंबर त्या तारेचा होता. दुकान दुसऱ्या गल्लीत हलवलं की लाइनमनच्या मागं लागावं लागे. आपल्याकडच्या खेड्यांत फोन पोचवण्याचं मोठं श्रेय १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटला जातं. सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या या संस्थेनं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलित खोली नाही, धूळ आहे, उकाडा आहे, अशा ठिकाणीही ते चालावं असाच त्याचा आराखडा होता. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथसमोर रात्री दर कमी व्हायची वाट बघत उभं राहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे, आणि त्या एक्स्चेंजबद्दल माझ्या मनात आदर आहे.

इंटरनेट फोनमध्ये अशी राखीव वाट नसते. तुमच्या आवाजाचं माप सेकंदाला ८,००० वेळा घेतलं जातं, प्रत्येक मापाचा आकडा होतो, आणि त्या आकड्यांची छोटी छोटी पाकिटं बनतात. साधारणपणे एका पाकिटात सेकंदाचा पन्नासावा भाग मावतो. उसाच्या फडाचं उदाहरण घेऊ. एकाच फडातला ऊस दहा बैलगाड्यांतून निघतो. प्रत्येक गाडीसोबत चिठ्ठी असते: कुणाचा ऊस, कुठल्या गटातला, कितवी खेप. गाड्या वेगवेगळ्या वाटांनी येऊ देत, मागंपुढं होऊ देत, काट्यावर चिठ्ठी पाहून हिशोब एका नावावर लागतो. आवाजाच्या पाकिटांनाही अशीच चिठ्ठी असते. ती समोरच्या टोकाला पोचतात, तिथं क्षणभर थांबवून ओळीनं लावली जातात आणि पुन्हा आवाज होतो. फरक एवढाच की उशिरा आलेली गाडीही कारखाना रिकामी करून घेतो. उशिरा आलेलं आवाजाचं पाकीट मात्र टाकून द्यावं लागतं, कारण बोलणं तोवर पुढं गेलेलं असतं. आपण ‘आवाज फाटतोय’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा अशी पाकिटं गळालेली असतात.

दुसरा भाग नंबराचा. कॉल जोडण्या-तोडण्याची जी भाषा या फोनांत सर्रास वापरली जाते, तिला एसआयपी म्हणतात. तिचं पहिलं मानक १९९९ मध्ये आलं आणि २००२ मध्ये ते सुधारलं गेलं. या पद्धतीत तुमचं यंत्र ठरावीक वेळानं एका सर्व्हरला कळवत राहतं, की मी अमुक नंबराचा आणि सध्या इथं आहे. सर्व्हर ती नोंद ठेवतो. कॉल आला की तो नोंदवही उघडून पाहतो आणि नंबराच्या नावासमोर जी जी यंत्रं असतील त्यांच्याकडे कॉल वळवतो. एका नावासमोर एक यंत्र असेल, पाच असतील, एक तीर्थपुरीत आणि एक पुण्यात असेल. नंबर आता तारेचा राहिला नाही, सिमचाही नाही. तो वहीतली एक ओळ झाला, आणि ओळीपुढचा मजकूर हवा तेव्हा बदलता येतो.

हे तंत्र आपल्याला अनोळखी नाही. जिओनं सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती फक्त ४जीवर; तिच्यावरचा प्रत्येक साधा कॉलसुद्धा पाकिटांतूनच जातो. फायबरच्या डब्याला जोडलेला घरचा लँडलाइनही तसाच चालतो. व्हॉट्सॲप कॉल हा याच कुळातला, पण त्यावरून साध्या नंबराला फोन लागत नाही. व्यवसायाला साधा नंबर लागतो, कारण कीपॅडचा फोन वापरणारा शेतकरीही तो लावू शकतो. भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी १ एप्रिल २००२ पासून मिळाली खरी, पण देशातल्या साध्या फोनशी ती जोडायला मनाई होती. ती अडचण २०१८ मध्ये दूर झाली आणि त्याच वर्षी जुलैत बीएसएनएलनं ‘विंग्ज’ नावाची सेवा आणली, ज्यात मोबाइलमधल्या ॲपवरून कुठल्याही नंबराला फोन करता येऊ लागला.

आता तीर्थपुरीच्या दुकानात परत येऊ. समजा दुकानानं असा एक नंबर घेतला. सकाळी नऊ ते सात या वेळात आलेला कॉल मालक आणि दोन मदतनीस, तिघांच्या मोबाइलवर एकदम वाजतो. जो आधी उचलेल तो बोलतो. तिघेही गुंतले असतील तर फोन करणाऱ्याला ‘थोडं थांबा’ ऐकू येतं. कुणीच उचलला नाही तर त्याचा नंबर आणि वेळ यादीत पडते, आणि संध्याकाळी ती यादी समोर ठेवून एकेकाला परत फोन करता येतो. रात्री निरोप ठेवायची सोय होते. एखादा मदतनीस नोकरी सोडून गेला, तर वहीत त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव येतं. दुकानाची गिऱ्हाइकं त्याच्या खिशातून निघून जात नाहीत. मोसंबीच्या व्यापाऱ्याला हाच नंबर बाहेरच्या राज्यातल्या खरेदीदारासाठी, बागवानासाठी आणि गाडीवाल्यासाठी वेगवेगळा वळवता येतो. दवाखान्यात नंबर लावायला येणारे फोन डॉक्टरांच्या मोबाइलवर जायचं कारण उरत नाही.

मोठ्या संस्थांनी ही वाट कधीच धरली. इंडेननं गॅस नोंदणीसाठी १ नोव्हेंबर २०२० पासून देशभर एकच नंबर केला. महावितरणकडे वीज गेल्याची तक्रार नुसत्या मिस कॉलवर नोंदवता येते. मिस कॉल ही तर आपल्या लोकांनी पैसे वाचवायला काढलेली युक्ती. बंगळूरच्या झिपडायल कंपनीनं तिच्यावर अख्खा धंदा उभारला आणि जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरनं ती कंपनी विकत घेतली. आज एक्झोटेल, नॉलॅरिटी, ओझोनटेल अशा भारतीय कंपन्या छोट्या दुकानालाही महिन्याच्या भाड्यानं ही सोय देतात.

इथं एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण आपल्या भागात सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. या व्यवस्था दोन तऱ्हेच्या आहेत. एकीत दुकानातला फोन थेट दुकानाच्या इंटरनेटवर चालतो. एका कॉलला दोन्ही दिशांना साधारण ८० ते ९० किलोबिटचा वेग लागतो, म्हणजे साध्या फायबरलाही ते ओझं नाही. खरा प्रश्न विजेचा आहे. तांब्याच्या फोनला ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळत असे, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरचा डबा आणि राउटर दुकानातल्या विजेवर चालतात. लाइट गेली की फोन गेला. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवल्याशिवाय ही तऱ्हा मी तीर्थपुरीत कुणाला सुचवणार नाही.

दुसरी तऱ्हा क्लाउड टेलिफोनीची. तीत सगळी पाकिटं, नोंदवही आणि सर्व्हर कंपनीच्या शहरातल्या केंद्रात असतात, आणि तिथून कॉल तुमच्या साध्या मोबाइलवर येऊन पडतो. कॉल घ्यायला दुकानात इंटरनेट लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. वीज गेली, फायबर तुटली, तरी मोबाइलला रेंज आहे तोवर धंदा चालू. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांना हीच मानवेल असं माझं मत आहे. तिघांचे मोबाइल वेगवेगळ्या कंपन्यांचे ठेवले तर एका टॉवरची रेंज गेल्यानंही सगळं ठप्प होत नाही.

सुरुवातीला जी ध्वनिफीत ऐकू येते तिच्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. ‘एक दाबा, दोन दाबा’ची लांबलचक माळ ऐकवून शेतकऱ्याला उन्हात उभं करू नका. दोन, फार तर तीन पर्याय पुरे: बियाणं-खतासाठी एक, औषध फवारणीच्या सल्ल्यासाठी दोन. काहीच दाबलं नाही तर फोन थेट माणसाकडे गेला पाहिजे. वयस्कर माणसाला बटणं दाबणं जमत नाही, कुणाच्या हाताला चिखल असतो. शक्य असेल तर ती ध्वनिफीत शहरी छापाच्या यांत्रिक आवाजात घेऊ नका. दुकानातल्याच कुणाच्या तरी आवाजात, इथल्या बोलीत बोला. ओळखीचा आवाज आला की माणूस फोन ठेवत नाही.

जपायच्या गोष्टीही आहेत. दुकानात एसआयपी फोन लावले असतील तर ‘१२३४’सारखा पासवर्ड ठेवू नये, अशी खाती शोधून रात्रीतून परदेशात कॉल लावणाऱ्या टोळ्या आहेत आणि बिल तुमच्या नावावर येतं. सिमकार्डं भरलेला डबा लावून स्वस्तात कॉल वळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तो सरळ गुन्हा आहे. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर फोन करणाऱ्याला आधी ऐकवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. आणि अपघात झाला, आग लागली तर ११२ साठी हातातला साधा मोबाइलच वापरा. इंटरनेट फोन कुठून लावला आहे हे मदत केंद्राला नेमकं कळेलच असं नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक वही घ्या. पंधरा दिवस रोज रात्री त्यात लिहा, किती फोन आले, किती सुटले, सुटलेल्यांपैकी किती जणांना परत लावला. सुटलेले फोन दिवसाला दोन-तीनच असतील तर आहे तो मोबाइल बरा आहे. पेरणीच्या आठवड्यात ते वीसच्या पुढं जात असतील, तर महिन्याचं भाडं एका दिवसाच्या सुटलेल्या विक्रीतून निघतं का, हा हिशोब तुमचा तुम्हीच करू शकता.

कंपनीच्या माणसाला एक प्रश्न मात्र सही करण्याआधी विचारा: करार संपल्यावर हा नंबर कुणाचा? जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलता येते, पण ती सोय मोबाइल नंबरांपुरती आहे. क्लाउड कंपनीनं दिलेला नंबर तुम्ही भाडं बंद केलं की जाऊ शकतो. म्हणून दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, गावच्या यात्रेच्या पत्रकावर छापलेला जुना मोबाइल नंबर सोडू नका. तो तसाच ठेवा आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘उचलला नाही’, ‘व्यस्त’, ‘रेंजबाहेर’ या तिन्ही वेळी येणारा कॉल नव्या नंबरावर वळवा. ते तुमच्या हातानंच करा. अनोळखी माणसानं फोनवर सांगितलेला कोड दाबू नका, त्यानं तुमचे कॉल चोराकडे वळतात. पाटी रंगवायला पेंटर बोलवायची गरज पडणार नाही, आणि मालक जालन्याच्या वाटेवर असताना बांधावरचा फोन दुकानात वाजेल.