प्रकाशाचा तराजू आणि 40 किलोचा आरसा

सराफाच्या पेढीवर काटा डोलू लागला की वजन घेता येत नाही. तो स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. पण काटा पूर्णपणे कधीच स्थिरावणार नसेल तर? भौतिकशास्त्र नेमके हेच सांगते. आंदोलनाची ऊर्जा सलग कमी होत नाही, ती ठरावीक पुंजांनी उतरते. शेवटचा पुंज गेल्यावरही अर्ध्या पुंजाएवढी थरथर शिल्लक राहतेच. अणूंच्या बाबतीत हे फार पूर्वी सिद्ध झाले. हाताने उचलताना दम लागावा अशा जड वस्तूलाही हाच नियम लागू पडतो का?

अमेरिकेतील लायगो वेधशाळेत 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजांत, प्रत्येकी 40 किलो वजनाचे चार आरसे काचेच्या बारीक तंतूंनी टांगलेले आहेत. दोन्ही भुजांतून परतलेला लेसरचा प्रकाश एकत्र आला की आरशांची हालचाल कळते.

अडचण प्रकाशाचीच आहे. प्रकाश म्हणजे कणांचा पाऊस. तो विरळ असेल तर नोंद अनिश्चित. दाट केला तर कणांच्या आघातांनीच आरसा हलतो. हिशेब तपासनिसाने तपासता तपासता वहीत स्वतःच रकमा चढवाव्यात, तसा हा प्रकार! हा धक्का काल्पनिक नाही. 2020 मध्ये याच आरशांवर तो प्रत्यक्ष मोजला गेला.

2021 मध्ये संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. हालचालीची नोंद होताच उलट दिशेने अलगद रेटा द्यायचा, झोपाळा हाताने थांबवावा तसा. चारही आरशांची एकत्रित हालचाल 10 किलोच्या एकाच लंबकासारखी असते. त्या हालचालीचे तापमान 77 नॅनोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या केवळ 77 अब्जांश भागांवर आले. काच स्वतः खोलीच्या तापमानालाच होती. थंड झाली ती फक्त तिची डोलण्याची क्रिया. सरासरी 10.8 पुंज उरले. अर्ध्या पुंजाचा तळ अजून दूर असला, तरी इतकी जड वस्तू त्याच्या इतक्या जवळ पूर्वी कधी पोहोचली नव्हती. जड वस्तूंचे पुंजगुण लोपतात यामागे गुरुत्वाकर्षणाचा हात आहे काय, हे तपासण्याची वाट यातून दिसू लागली आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेथेही असेच आरसे टांगले जातील.