लग्नाच्या नोंदवहीत अडकलेली एकी

लोद (इस्रायल) : मुळशीहून ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. तिथले रोहा, पेण, नवगाव इथे आडनावांत भेटतात : रोहेकर, पेणकर, नवगावकर. हे बेने इस्राएली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ज्यू, आपले शनिवार तेली. घरात लग्न निघाले की आधी मेंदी लागते आणि मलिद्याचे ताट मांडले जाते. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओले खोबरे नि वेलची, भोवती खजूर आणि फळे. प्रेषित एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन प्रार्थना झाली की ताट सगळ्यांत फिरते.

एके काळी मात्र या लग्नांचीच इथे अडवणूक झाली होती.

इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचे लग्न नाही. ज्यूंची लग्ने रब्बींच्या धर्मपीठाकडे, मुसलमानांची काझींकडे, ही तुर्की अमदानीतली वहिवाट आजही चालते. 1950 च्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला इथे येऊन नागरिक होता येते. पण बोहल्यावर चढायचे तर रब्बींचा होकार लागतो. म्हणजे सरकार ज्याला ज्यू मानते, त्याला धर्मपीठ मानीलच असे नाही. या देशाची निम्मी भांडणे याच फटीतून निघतात.

बेने इस्राएली तिथेच सापडले. कोकणात शतकानुशतके एकटे राहिलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे नियम नीट पाळले नसतील, बाहेरचे रक्त मिसळले असेल, अशी शंका काढली गेली. 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या पीठाने फर्मान काढले : बेने इस्राएलीचे लग्न नोंदवण्याआधी आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्या शक्य तितक्या तपासा. सैन्यात चालणारी मुले मांडवात चालेनाशी झाली. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचे सरकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि महिनाअखेर रब्बींनी फर्मानातून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढले. संशयितांची तपासणी राहिली. जमात तेवढी सुटली.

हे सगळे इस्रायलनेच शिकवले असे मात्र नाही. मुंबईत बगदादी ज्यू बेने इस्राएलींशी सोयरीक टाळत. आणि खुद्द बेने इस्राएलींत ‘गोरे’ आणि ‘काळे’ होतेच, त्यांच्यातही रोटीबेटी नव्हती. ज्याने सोसले तोच खालच्याला सोसायला लावतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव.

पुढे पाळी इथिओपियाहून आलेल्या ज्यूंची आली. त्यांना लग्नाआधी शुद्धीचे स्नान करायला सांगितले गेले, तेव्हा 1985 मध्ये तेही जेरुसलेममध्ये धर्मपीठासमोर धरणे धरून बसले. आज रब्बी ज्यांना ज्यू मानत नाहीत अशी जोडपी शेजारच्या सायप्रसला जातात, तिथे लग्न लावून येतात आणि परतल्यावर सरकार त्याची बिनबोभाट नोंद करते.