गुठळीची वीण

भाजी चिरताना बोट कापले, तर थोडा वेळ रक्त वाहते आणि मग आपोआप थांबते. जखमेच्या तोंडाशी रक्ताची गुठळी तयार होते, म्हणून हे घडते. परंतु हीच गुठळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत तयार झाली, तर प्राणावर बेतते.

गुठळी कशी तयार होते? यकृतात तयार होणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन रक्तद्रवात विरघळलेले असते. जखम झाली, की थ्रॉम्बिन हे विकर त्याचे फायब्रिनच्या तंतूंत रूपांतर करते. तंतूंचे जाळे विणले जाते आणि त्यात रक्तपेशी अडकतात. काम संपले, की प्लाझमिन हे दुसरे विकर ते जाळे विरघळवते.

आता दाहाकडे वळू. इजा झालेली जागा लाल होते, सुजते, दुखते. शरीराच्या या संरक्षक प्रतिक्रियेला दाह म्हणतात. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठले, की तेथेही पांढऱ्या रक्तपेशी जमून दाह सुरू होतो. तो वर्षानुवर्षे मूकपणे धुमसतो. साठ्यावरील आवरण त्यामुळे दुबळे होते आणि एखाद्या दिवशी फाटते. शरीर त्यालाही जखम समजते व तेथे गुठळी धरते.

दाहाचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. निरोगी व्यक्तीच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणतः २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन असते. दाहामुळे ते वाढते आणि जाळ्याची वीण दाट होते. अनेक हृदयरुग्णांच्या रक्तापासून बनलेल्या गुठळीत तंतू बारीक व दाटीने विणलेले आढळतात. घट्ट विणीच्या कापडातून पाणी लवकर झिरपत नाही. तसेच अशा गुठळीत प्लाझमिन सहज शिरत नाही. जी गुठळी विरघळायला हवी, तीच टिकून राहते.

दाह आवरल्यास लाभ होतो का? पूर्वी झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरील ‘कँटॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाच्या मध्यम मात्रेने कोलेस्टेरॉल न घटताही झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढल्याने ते हृदयरोगावरचे सर्रास औषध झाले नाही.

धूम्रपानाने दाह व फायब्रिनोजेन दोन्ही वाढतात. ते सोडणे आपल्या हाती आहे. गुठळी जितकी जुनी, तितकी ती औषधाने विरघळवणे कठीण. म्हणून छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ असे म्हणत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.